चित्रं वाचणारी आई

कोल्हापूरला आपण कौतुकानं 'कलापूर' म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची ही भूमी. अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतलं आपलं घर आणि चित्रं सरकारला दिली, त्याचं संग्रहालय झालं. दसरा चौकात शाहू स्मारकाच्या कलादालनात निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं मी हौसेनं बघत आले. पण मैत्रिणींनो, मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकातली मूळ चित्रं भिंतीवर लावलेली मला काही तिथं दिसली नाहीत.

अमेरिकेत ओहायो राज्यात फिंडले नावाचं लहानसं शहर आहे. तिथल्या विद्यापीठानं १९८२ मध्ये आपल्या शताब्दीच्या निमित्तानं बालपुस्तकांची मूळ चित्रं जमवायला सुरुवात केली. आज 'मॅझा' या संग्रहालयात अशी हजारो चित्रं आहेत. जपानमध्ये चिहिरो इवासाकी या चित्रकर्तीनं आयुष्यभर लहान मुलं रंगवली. १९७४ मध्ये त्या गेल्या आणि १९७७ मध्ये टोकियोतल्या त्यांच्या घराच्या जागी संग्रहालय उभं राहिलं. तिथं चित्रं मुद्दाम जरा खाली लावतात, मुलांना मान वर करायला लागू नये म्हणून!

आपल्याकडे या तोडीचं काम नाही असं थोडंच आहे? माधुरी पुरंदरे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. 'राधाचं घर'सारख्या त्यांच्या पुस्तकांत गोष्टही त्यांची आणि चित्रंही त्यांचीच. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'चित्रवाचन' आहे. चित्र नुसतं बघायचं नसतं, वाचायचं असतं, हे त्या नावातच आलं.

याचा अर्थ मला कळला तो आमच्या वस्तीतल्या वाचनवर्गात. धुण्याभांड्याची कामं करणारी एक आई मुलाला सोडायला यायची आणि दारातच थांबायची. आत बोलावलं की म्हणायची, "मला कुठं वाचाय येतंय, वैनी? तुमीच सांगा पोराला." मुलगाही सगळ्यांसमोर सांगायचा, "आमच्या आईला काय येत न्हाई." ती हसायची, पण ते हसणं बघवत नसे.

एक दिवस बाजाराच्या चित्राचं पान तिच्यापुढं धरलं. म्हटलं, "यात अक्षरंच नाहीत. काय दिसतंय ते सांगा." आधी लाजली. मग बोट ठेवून सांगू लागली, "ही बाई घाईत हाय. पिशवीतनं मेथी बाहेर आलीया. लेकरू मागं ऱ्हायलंय, तिला ठावंच न्हाई." पोरगं तिच्या मांडीला येऊन टेकलं. "मग गं आई?" पुढच्या आठवड्यात पुस्तक घेऊन तो माझ्याकडे आला नाही, सरळ तिच्याकडे गेला.

चित्रांच्या पुस्तकाची ही ताकद आहे. ज्या आईला शाळा मिळाली नाही, तिलाही ते वाचता येतं. आणि आपण शिकलेल्या आया काय करतो? "चित्रं काय बघत बसलास, खालचं वाच!" म्हणून पान उलटतो.

म्हणून वाटतं, असं प्रदर्शन आपल्या गावात व्हावं. १९६२ मध्ये स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ इथं आहे. वि. स. खांडेकरांचं सुंदर स्मृती संग्रहालय त्याच आवारात आहे. तिथं बालपुस्तकांची मूळ चित्रं आली तर? ब्रशचा फटकारा, खोडलेली रेघ, छपाईत हरवलेला रंग मुलांना जवळून दिसेल. पुस्तक कुणीतरी हातानं, जीव लावून केलेलं असतं हे कळेल. मात्र चित्रं खाली लावावीत, आणि बोलावणं शाळांबरोबर वस्त्यांतल्या आयांनाही जावं. "वाचता येत नाही" म्हणून कुणी दारात थांबायला नको.

तोवर आज रात्री एवढंच करून बघा. पुस्तक उघडलं की अक्षरांवर हात ठेवा आणि मुलाला विचारा, "काय दिसतंय रे?" घरात आजी असतील तर त्यांनाही जवळ बसवा. आपल्याला न दिसलेलं बरंच काही त्या दोघांना दिसेल.