प्रशिक्षणसंहितेतील संबोधन : अंबत्तूर, सीमापार कार्यसंघ आणि स्त्री-कामगार

कामाचे शिक्षण देण्यासाठी लिहिलेल्या मजकुराकडे साहित्याभ्यासक सहसा वळत नाहीत. सूचनापत्रक, मापपत्रक, संगणकाच्या पडद्यावर क्रमाने उमटणारे पाठ हे सारे व्यवहाराचे लेखन मानले जाते. तथापि या लेखनातही एक निवेदक असतो, एक संबोधित असतो आणि त्या दोघांमधील अंतर भाषेच्या रूपांतून व्यक्त होत असते. दोन किंवा अधिक देशांत विखुरलेल्या कार्यसंघात ही संहिता एका भाषेत रचली जाते, दुसरीत समजावली जाते आणि प्रसंगी तिसरीत आचरली जाते. हे भाषांतर कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवले गेले असता स्त्री-कामगाराचे संहितेतील स्थान कसे बदलते, याचा विचार प्रस्तुत लेखात अंबत्तूरच्या निमित्ताने केला आहे.

अंबत्तूर हे चेन्नईच्या पश्चिमेकडील उपनगर. २०११ साली ते चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. परदेशी तंत्रज्ञानाशी त्याचा संबंध जुना आहे. ब्रिटनमधील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगसमूहाच्या सहकार्याने १९४९ साली स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सचा कारखाना येथेच उभा राहिला. १९६०च्या दशकात सरकारने येथे लघुउद्योगांसाठी विस्तीर्ण औद्योगिक वसाहत वसवली. पुढे तयार कपड्यांची निर्यात करणारे कारखाने आणि माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये आली. परदेशी खरेदीदाराचे इंग्रजी मापपत्रक पर्यवेक्षकाच्या तोंडी तमिळ होऊन शिलाई यंत्रापर्यंत पोहोचते, तेव्हा एक भाषांतर पूर्ण झालेले असते; फक्त त्यावर भाषांतरकाराचे नाव नसते.

या व्यवहाराला घड्याळाचीही एक बाजू आहे. १९४८च्या कारखाना अधिनियमातील कलम ६६ अन्वये स्त्रियांना सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच कारखान्यात काम देता येत असे. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ही रात्रपाळीबंदी घटनाबाह्य ठरवली. मात्र सुरक्षितता, वाहतूक इत्यादींविषयी अटी घातल्या. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा चेन्नईत ऋतुमानानुसार सायंकाळचे ६.३० किंवा ७.३० झालेले असतात. म्हणजे अमेरिकेतील सहकाऱ्यांशी प्रत्यक्ष संवाद साधण्याची वेळ नेमकी जुन्या कायद्याचा दिवस संपतो तेथे सुरू होते. ज्या स्त्रीला घरी परतावयाचे आहे, तिच्यासाठी ध्वनिमुद्रित पाठ आणि प्रश्नांना केव्हाही उत्तर देणारा यांत्रिक साहाय्यक यांची उपयुक्तता त्यामुळे उघड आहे. परंतु समोरासमोरच्या शिक्षणात शिक्षिका शिकणारीचा चेहरा पाहून शब्द बदलते. यंत्र मात्र समोर आलेल्या वाक्याचाच आधार घेते.

येथे तौलनिक दृष्टीने दोन व्याकरणिक प्रश्न महत्त्वाचे ठरतात. पहिला प्रश्न प्रथमपुरुषी अनेकवचनाचा. इंग्रजीत त्यासाठी एकच सर्वनाम आहे. तमिळमध्ये श्रोत्याला सामावून घेणारे ‘नाम’ आणि त्याला वगळणारे ‘नांगळ’ असा भेद आहे. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा तसाच भेद. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. ‘या आठवड्यात नवी पद्धत स्वीकारत आहोत’ हे इंग्रजी सूचनेतले विधान तमिळमध्ये वा मराठीत आणताना भाषांतरकाराला ठरवावे लागते की, निर्णय घेणाऱ्यांत ही कामगार स्त्री धरावयाची की नाही. ‘आम्ही’ म्हटले तर निर्णय दूरच्या कार्यालयाचा ठरतो, ‘आपण’ म्हटले तर तिचाही. मूळ इंग्रजी वाक्याने जे मोघम ठेवले, त्याचा निवाडा भाषांतराला करावा लागतो. शिवाय मराठीत ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. त्यामुळे ‘आपण चुका तपासाव्यात’ या वाक्यात जबाबदारी सर्वांची की एकटीची, हे संदर्भावाचून कळत नाही.

दुसरा प्रश्न लिंगाचा. तमिळमध्ये ‘मी करतो’ आणि ‘मी करते’ यांसाठी क्रियापदाचे रूप एकच; तृतीयपुरुषात ‘सेय्गिरान’ (तो करतो) आणि ‘सेय्गिराळ’ (ती करते) असा भेद असला, तरी आदरार्थी ‘सेय्गिरार’ दोघांनाही चालते. मराठीत आज्ञार्थी ‘तपासा’ हे रूप लिंगनिरपेक्ष आहे. ‘मी सूचना वाचल्या’ येथे क्रियापद कर्माला अनुसरते, म्हणून कर्त्याचे लिंग दिसत नाही. मात्र ‘मी काम सुरू करतो’ या कळीवर बोट ठेवणाऱ्या स्त्रीला पुरुषाच्या वाक्यावर स्वाक्षरी करावी लागते. यांत्रिक भाषांतर अशा ठिकाणी बहुधा पुल्लिंगाकडे झुकते. ही अडचण केवळ मराठीची नव्हे. लिंगनिरपेक्ष सर्वनाम असलेल्या तुर्की भाषेतून इंग्रजीत भाषांतर करताना दोन्ही लिंगांची रूपे दाखवण्याची सोय गूगलने २०१८ साली केली, ती याच कारणाने.

या प्रश्नांचे मूळ यंत्राला पुरवलेल्या भाषासामग्रीत आहे. चेन्नईतीलच आय. आय. टी. मद्रास येथील ‘एआयफोरभारत’ या गटाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इंडिकव्हॉइसेस’ या संग्रहात २२ भाषांतील १६,२३७ भाषकांचे ७,३४८ तासांचे बोलणे आहे. त्यांपैकी सुमारे ७४ टक्के भाग उत्स्फूर्त बोलण्याचा आहे. लिखित प्रमाणभाषेबाहेरची रूपे यंत्रापर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग होय. मराठीपुरते पाहता, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण व शहरी अल्पउत्पन्न गटांतील व्यक्ती आणि विद्यापीठीय विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण जमवले गेले. अशा व्यक्तींच्या बोलीतून सामग्रीला वैविध्य लाभावे आणि त्यांना पूरक उत्पन्न मिळावे, हा त्यामागील विचार होता. येथे प्रशिक्षणाची दिशा उलटते : ज्यांना यंत्राने शिकवावयाचे, तेच यंत्राला शिकवतात. मात्र कोणता उच्चार ‘बरोबर’ आणि कोणता ‘सदोष’, हे ठरवणारी नियमावली पुन्हा अन्यत्र लिहिली जाते. बोलणारीचा आवाज स्वीकारूनही तिचा निर्णयाधिकार नाकारला जाऊ शकतो, तो या टप्प्यावर.

यातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. मूळ संहितेतच प्रथमपुरुषी अनेकवचन कोणाला सामावते याची नोंद असावी. संमतिदर्शक वाक्ये स्त्रीरूपातही उपलब्ध असावीत, किंवा ‘काम सुरू करावे’ अशी लिंगनिरपेक्ष रचना योजावी. भाषांतरित पाठ वापरात आणण्यापूर्वी तो ज्यांच्यासाठी आहे त्या स्त्रियांकडून वाचून घ्यावा आणि त्यांनी सुचवलेले बदल मूळ इंग्रजी मजकुरापर्यंत परत जावेत. हे वाचन कामाच्या वेळेत आणि सवेतन असावे. अन्यथा शिकणारी स्त्री भाषांतराची केवळ ग्राहक राहते.

तौलनिक साहित्याने भाषांतरातील सत्तासंबंधांची चर्चा प्रामुख्याने काव्य-कादंबरीच्या आधारे केली आहे. अंबत्तूरसारख्या ठिकाणी तीच चर्चा रोजगाराशी जोडली जाते. ललित कृतीत सर्वनामाची निवड चुकली तर आस्वादात उणीव राहते. प्रशिक्षणसंहितेत ती चुकली तर चूक कोणाची मानली जाईल आणि मोबदला कोणाचा कापला जाईल, हेही त्या निवडीवर अवलंबून राहू शकते. म्हणून या उपेक्षित गद्याचे बारकाईने वाचन करणे हे भाषाभ्यासकांचेही काम आहे.