गाण्यातलं गाव नकाशावर शोधताना

झाडीपट्टीत दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत शंकरपटाच्या निमित्ताने पाहुण्यारावळ्यांनी घरं भरतात आणि रात्री मंडपात ऑर्गन-तबल्याच्या साथीने, गाण्यांनी गच्च भरलेलं नाटक पहाटेपर्यंत रंगतं. मागचा रंगवलेला पडदा बदलला की राजवाड्याचं जंगल होतं आणि जंगलाचं पाटलाचं घर. लाखांदूरचा किंवा साकोलीचा प्रेक्षक मंडपातून उठताना ‘तो राजवाडा नेमका कुठे आहे हो?’ असं कुणाला विचारत नाही.

सिनेमाच्या बाबतीत मात्र हाच जाणता प्रेक्षक भोळा होतो. डोंगर दिसला, नदी दिसली, म्हणजे कथेत सांगितलेली जागा तीच, असं तो धरून चालतो. मग सहलीच्या यादीत ‘अमक्या गाण्याचं ठिकाण’ येतं, आणि तिथे पोचल्यावर काहीतरी बिनसतं. नदीचं नाव भलतंच निघतं, महाल अंगणाएवढा निघतो, गाव तर सापडतच नाही. बिचाऱ्या ठिकाणाचा यात काही दोष नसतो. गाण्यांच्या चित्रपटातलं गाव बहुतेकदा दोन-चार जागांचे तुकडे जोडून उभं केलेलं असतं, आणि कोणता तुकडा कुठला हे आपण आधी विचारलेलंच नसतं.

‘लगान’चंच घ्या. आशुतोष गोवारीकरांचा हा २००१ सालचा चित्रपट १८९३ सालच्या मध्य भारतातल्या चंपानेर नावाच्या गावात घडतो. गुजरातेत पावागडच्या पायथ्याशी चंपानेर खरोखरच आहे. महमूद बेगडाची ती राजधानी, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. साहजिकच तिथे जाणाऱ्या पुष्कळांना वाटतं की क्रिकेटचा सामना इथेच झाला. चित्रपटाचा आणि त्या चंपानेरचा संबंध नावापुरता. ‘लगान’चं गाव नितीन चंद्रकांत देसाई यांनी भुजजवळच्या कुनरिया गावाशेजारी माळरानावर उभारलं होतं. देवळापासून झोपड्यांपर्यंत सगळा सेट. चित्रीकरण २००० साली आटोपलं आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने कच्छ हादरला, त्यानंतर काही महिन्यांनी चित्रपट पडद्यावर आला. म्हणजे प्रेक्षकांनी ते गाव पाहिलं, तोवर आजूबाजूचा सगळा मुलूख बदलून गेलेला होता.

भंडाऱ्याच्या माणसाला यात आणखी एक गंमत दिसायला हवी. १८९३ साली भंडारा जिल्हा मध्य प्रांतातच होता. त्या काळचा ‘मध्य भारत’ म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांसमोर धानाच्या बांध्या आणि मामा तलाव येतात, त्याला ‘लगान’मधली कोरडी, खुरटी झुडपं आपल्या ओळखीची वाटणारच नाहीत. वाटू नयेतच, कारण ती कच्छची आहेत. भूगोलाचा असा सौदा हिंदी चित्रपट नेहमीच करतो. १९९९ च्या ‘हम दिल दे चुके सनम’मध्ये नायक-नायिका इटलीत फिरतात, पण तो पूल आणि त्या गल्ल्या हंगेरीतल्या बुडापेस्टच्या आहेत. रोमला जाऊन तो पूल शोधणाऱ्याला तो जन्मात सापडायचा नाही.

दुसरा गैरसमज गाइडलोकांनी जोपासलेला आहे आणि तो जयपूरला ऐकायला मिळतो. आमेरच्या किल्ल्यातल्या शीशमहालात सहलीचा जथा पोचला की कुणीतरी मोबाइलचा उजेड छताकडे धरतो, हजारो आरशांत ठिणग्या उडतात आणि सांगितलं जातं की मधुबालाचं ते गाजलेलं नृत्य इथेच झालं. ऐकणारे माना डोलावतात. वास्तविक ‘मुगल-ए-आझम’चा शीशमहाल मुंबईत, अंधेरीच्या मोहन स्टुडिओत बांधला होता. के. आसिफ यांनी नमुना घेतला तो लाहोरच्या किल्ल्यातल्या शीशमहालाचा. सेट उभारायला जवळपास दोन वर्षं लागली आणि रंगीत काच बेल्जियमहून मागवावी लागली.

काम तिथेच अडलं. इतक्या आरशांवर दिवे सोडले की झळाळी थेट भिंगात येई आणि चित्र पांढरं पडे. शूटिंग होणारच नाही, असा सल्ला जाणकारांनी दिला होता. छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा झोत सरळ न टाकता परावर्तित करून, मऊ करून वापरला, तेव्हा कुठे आरशात नाचणारी अनारकली दिसली. १९६० साली आलेल्या त्या मुख्यतः कृष्णधवल चित्रपटात हे गाणं रंगीत आहे. आमेरच्या दालनात एकदा उभं राहिलं की पुराव्याची गरजही उरत नाही. त्या जागेत ती नर्तकी, तो दरबार आणि कॅमेऱ्याचा ताफा मावणार कसा? आमेरचा महाल सुंदर आहेच, न केलेल्या कामाचं श्रेय त्याला चिकटवायची गरज नाही. अंधेरीचा तो सेट मात्र केव्हाच इतिहासजमा झाला.

स्टुडिओची ही हातचलाखी अगदी खऱ्याखुऱ्या रस्त्यावरच्या गाण्यातही असते. ‘आराधना’ (१९६९) मधलं दार्जिलिंगच्या छोट्या आगगाडीचं गाणं आठवा. जीपमधले राजेश खन्ना खरोखर दार्जिलिंगच्या रस्त्यावर होते. खिडकीत पुस्तक घेऊन बसलेल्या शर्मिला टागोर त्या वेळी सत्यजित राय यांच्या चित्रपटात अडकल्या होत्या, म्हणून त्यांची दृश्यं नंतर स्टुडिओत, मागच्या पडद्यावर पळणारं दृश्य टाकून घेतली. दोघांची नजरानजर झाली ती संपादकाच्या टेबलावर.

मग खरी ठिकाणं महाराष्ट्रात नाहीत की काय? आहेत, आणि काही तर भंडाऱ्याहून एका गाडीत बसून जाता येण्यासारखी आहेत. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर थांबणारी गोंदिया–कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस साताऱ्यालाही थांबते. तिथून वाई आणि वाईलगतचं मेणवली. ‘स्वदेस’ (२००४) मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर ते हेच. पडद्यावर उत्तरेतली वाटणारी ती नदी म्हणजे आपली कृष्णा, आणि तो घाट नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. ‘गंगाजल’मधला बिहार आणि ‘दबंग’मधला उत्तर प्रदेश याच परिसरात उभे राहिले. दगडी घाट, जुनी देवळं, नदीला बारमाही पाणी आणि मुंबई-पुण्याहून काही तासांत पोचता येणारा रस्ता, एवढ्यावर निर्माता खूश होतो.

मेणवलीला गेल्यावर लोक घाटाच्या पायऱ्यांवर फोटो काढून माघारी फिरतात. घाटावरच्या देवळापाशी टांगलेल्या घंटेकडे फारसं कुणी बघत नाही. ही घंटा पोर्तुगीज चर्चची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. महादेवाच्या देवळाशी मेरीची घंटा, ही गोष्ट कोणत्याही पटकथेपेक्षा वरचढ आहे, पण तिच्यावर गाणं झालं नाही!

चरणपूरसारखीच रायगड जिल्ह्यातल्या आपटा स्थानकाचीही गत. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) चा शेवट, धावत्या गाडीकडे पळणारी नायिका आणि पुढे केलेला हात, हे पंजाबातलं स्थानक समजलं जातं. ते पनवेल–रोहा मार्गावरचं आपटा आहे.

मराठी चित्रपटाकडे वळलं की गैरसमज भक्तीच्या वाटेने येतात. ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहिलेल्यांना वाटतं की तो देहूला चित्रित झाला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी चित्रपटाचं देहू प्रामुख्याने पुण्याच्या प्रभात स्टुडिओत उभारलं. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली होती. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभातच्या काळातला भव्य चित्रीकरण-मंडप आणि तळं अजून त्या आवारात आहेत. पण ते चालतं महाविद्यालय आहे, पर्यटनस्थळ नव्हे. आत जाता येईल का, हे आधी विचारूनच पुण्याची वाट धरावी. देहूलाही जरूर जावं, इंद्रायणी आणि भंडारा डोंगर बघावा. तुकोबांच्या एकांताचा तो डोंगर आपल्या जिल्ह्याचा नामसखा आहे, एवढाच काय तो त्याचा भंडाऱ्याशी संबंध.

‘संत तुकाराम’मधलाच एक अभंग विष्णुपंत पागनीसांच्या आवाजात इतका लोकप्रिय झाला की तो तुकोबांचाच, असं मानून लोक गाथेत शोधत राहिले. तो गाथेत नाही, कारण शांताराम आठवले यांनी तो चित्रपटासाठी लिहिला होता. भजनी मंडळं तो आजही संतवाणी म्हणून गातात. आठवल्यांना याहून मोठी पावती कोणती?

असाच प्रकार सातासमुद्रापार घडला. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) मधलं ‘एडलवाइस’ हे ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत, काहींच्या मते राष्ट्रगीतच, असा समज जगभर आहे. ते रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या अमेरिकन जोडीने ब्रॉडवेच्या नाटकासाठी रचलं. खुद्द ऑस्ट्रियात हा चित्रपट चाललाच नाही, आणि साल्झबर्गमध्ये पर्यटक बसमधून उतरून त्याची गाणी गाऊ लागले की कित्येक स्थानिकांना हे काय चाललंय ते उमगत नाही.

साल्झबर्ग हे चित्रीकरणस्थळ पाहायला जाणाऱ्यांचं काशी-पंढरपूर म्हणायला हरकत नाही, म्हणून तिथली जोडकामं नीट पाहण्यासारखी आहेत. चित्रपट ज्यांच्यावर बेतला त्या ट्रॅप कुटुंबाचा बंगला म्हणून जो दिसतो, त्याची पुढची बाजू फ्रोनबुर्ग या वास्तूची आहे, मागची तळ्याकाठची गच्ची लिओपोल्ड्सक्रोन महालाशेजारच्या जागेतली, आणि आतल्या खोल्या अमेरिकेतल्या स्टुडिओतल्या. खरं कुटुंब तिसरीकडेच, आयगेन भागात राहत होतं. सुरुवातीला नायिका जिथे गोल फिरत गाते ते कुरण सीमेपलीकडे, जर्मनीतल्या बव्हेरियात आहे. काचेचा लता-मंडप हेलब्रुनच्या बागेत ठेवलेला दिसतो, पण त्यातला नाच स्टुडिओतल्या मोठ्या प्रतिकृतीत झाला. शेवटी सगळे डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला निसटतात, ही तर सर्वांत मोठी थाप. साल्झबर्गचा तो डोंगर ओलांडला तर माणूस थेट हिटलरच्या जर्मनीत उतरेल. खरं कुटुंब १९३८ साली आगगाडीत बसून इटलीला गेलं. मिराबेल बागेच्या पायऱ्या मात्र अगदी पडद्यावरच्याच आहेत.

इतक्या लांब न जाता एक अस्सल ठिकाण भंडाऱ्याच्या आवाक्यात आहे, ते जबलपूरजवळचं भेडाघाट. राज कपूर आणि पद्मिनी यांच्या ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) या डाकूंच्या कथेत लता मंगेशकरांच्या आवाजातलं पद्मिनीचं गाणं इथेच चित्रित झालं. सेट नाही, काच नाही, खरा धबधबा आणि खरे संगमरवरी कडे. नावात गंगा असली तरी पाणी नर्मदेचं आहे, एवढी तडजोड इथेही आलीच. पुढे ‘अशोका’ (२००१) मधल्या गाण्यासाठी शाहरुख खान आणि करिना कपूरही याच कड्यांमध्ये आले.

इथले गैरसमज साधे पण महागात पडणारे आहेत. धुआंधार धबधबा आणि नौकाविहार या दोन वेगळ्या जागा. नावा पंचवटी घाटावरून सुटतात आणि धबधब्यापर्यंत जात नाहीत. कडे दुधासारखे पांढरेशुभ्र असतील असं वाटत असतं, प्रत्यक्षात राखाडी, निळसर, पिवळट छटाही दिसतात. नावाडी यमकं जुळवत जी कॉमेंटरी करतो, ती निव्वळ करमणूक म्हणून ऐकावी. त्याने सांगितलेला प्रत्येक नट तिथे आलाच होता असं नाही. आणि मोसम जपावा. पावसाळ्यात नौका बंद असतात, नर्मदेला पूर आला की धुआंधार पाण्याखाली गडप होतो, त्यामुळे १५ ऑगस्टच्या जोडसुट्टीत निघालेल्यांचे धबधबा आणि नाव दोन्ही हुकू शकतात. धान कापून घरात आलं की निघावं. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी जुनी छोटी लाइन आता ब्रॉडगेज झाली आहे, आणि पौर्णिमा गाठता आली तर नावाड्याशी चांदण्यातल्या फेरीचं आधीच बोलून ठेवावं.