ताइहेदियनचे छप्पर कशावर उभे आहे?

बीजिंगच्या राजवाड्यातले सर्वांत मोठे सभागृह म्हणजे ताइहेदियन. त्याच्या भिंती काढून घेतल्या तरी छप्पर पडणार नाही. भिंती फक्त थंडीवारा अडवतात. सगळा भार 72 लाकडी खांबांवर आहे.

खालून वर जाऊ. आधी पांढऱ्या संगमरवराचे तीन टप्प्यांचे, सुमारे 8 मीटर उंच जोते. त्यावर दगडी तळखडे आणि तळखड्यांवर खांब. आपल्या जुन्या वाड्यांसारखेच हे खांब जमिनीत पुरलेले नसतात, नुसते टेकलेले असतात. भूकंपात खांब किंचित हलतो, पण मोडत नाही.

खांबाच्या वर येतो दोउगोंग, आणि खरे कौशल्य इथेच आहे. आधी एक चौकोनी ठोकळा. त्याच्या वरच्या अंगाला फुलीसारखी खाच असते आणि तिच्यात दोन आडवे हात एकमेकांना छेदून बसतात. हातांच्या टोकांवर छोटे ठोकळे, त्यांवर पुन्हा हात. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे येतो. खिळ्यांवर काहीच अवलंबून नाही. खाच आणि कुसू एवढ्यावर सगळे घट्ट बसते. यामुळे वळचण खांबांच्या बरीच पुढे नेता येते, पावसाचे पाणी लाकडापासून लांब पडते आणि पुढे आलेल्या वळचणीचे वजन परत खांबावर उतरते. जमीन हादरली की हे सांधे एकमेकांवर किंचित घासतात आणि धक्क्याचा जोर त्यातच जिरतो.

दोउगोंगचे खरे बळ पाहायचे असेल तर मात्र शान्शी प्रांतातले 857 सालचे फोगुआंग मंदिर पाहावे. तिथले दोउगोंग खांबांच्या जवळजवळ निम्म्या उंचीचे आहेत. राजवाड्यातले लहान आणि दाटीवाटीचे आहेत. बरेचसे शोभेचेच, असे माझे मत.

राजवाडा योंगल सम्राटाने 1406 ते 1420 या काळात बांधला. 1421 मध्येच वीज पडून मुख्य सभागृहे जळाली, पुढेही जळत राहिली. तरी ती पुन्हा उभी करता आली, कारण मापे ठरलेली होती. ली ज्ये याच्या 1103 सालच्या बांधकामग्रंथात लाकडाच्या आठ प्रती सांगितल्या आहेत. इमारतीच्या दर्जाप्रमाणे प्रत निवडायची आणि बाकीची मापे तिच्यावरून काढायची. छिंग काळात, 1734 च्या नियमावलीत, दोउगोंगच्या खाचेची रुंदी हेच मूळ माप झाले.

आज दिसते ते ताइहेदियन 1695 ते 1697 या काळात बांधलेले आहे. आत जाता येत नाही, दारातूनच पाहावे लागते. सिंहासन पाहायला दारापाशी जमलेल्या गर्दीत फार वेळ घालवू नका. बाजूला होऊन वळचणीखाली उभे राहा आणि वर पाहा.