धरमतर शोधलं, पण नोटीस कुठेय?

मी परवा गूगलवर नुसतं 'धरमतर' टाकलं. खाडी आली, पूल आला, बंदर आलं, सहलीचे फोटो आले. पण खाडीकाठच्या एखाद्या शेतकऱ्याला भूसंपादनाची नोटीस शोधायची असेल तर? 2013 च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून हरकत घ्यायला 60 दिवस मिळतात. त्यामुळे उशीर परवडत नाही.

मग मी काय करतो, ऐका. 'भूसंपादन' हा शब्द आणि गावाचं नाव, दोन्ही वेगवेगळ्या दुहेरी अवतरणचिन्हांत टाकतो. म्हणजे नेमके तेच शब्द शोधले जातात. पुढे इंग्रजीत साइट, लगेच कोलन, आणि मध्ये जागा न सोडता रायगड डॉट गव्ह डॉट इन. आता फक्त जिल्ह्याच्या सरकारी साइटवरचंच दिसतं. फक्त पीडीएफ हव्या असतील तर तसंच फाइलटाइप, कोलन, पीडीएफ. बाहेर सगळीकडे शोधताना सहलीची पानं नको असतील तर 'पर्यटन' शब्दाला चिकटून आधी वजाचं चिन्ह.

काहीच आलं नाही? लगेच निर्धास्त होऊ नका. मराठी पीडीएफ कधी नुसती स्कॅन केलेली असते, कधी जुन्या फॉन्टमधली. तिच्यातली अक्षरं गूगलला नीट वाचता येतातच असं नाही. अवतरणचिन्हं काढून बघा, गावाचं नाव इंग्रजीत टाकून बघा. आणि ग्रामपंचायतीत एक चक्कर माराच. कायद्याने अधिसूचना तिथेही लावावी लागते, आणि ती वाचायला कोलन लागत नाही!