आजी-आजोबांची नखे

मुलांनो, नख केरॅटिन नावाच्या कठीण प्रथिनाचे बनलेले असते. नखाचे मूळ त्वचेखाली असते. तेथे नख तयार होते व पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. पायाचे नख त्याहून सावकाश वाढते. म्हातारपणी ही वाढ आणखी मंदावते.

दादाजानच्या नखांवर उभ्या रेघा दिसल्या, तर घाबरू नका. त्या बहुधा वयामुळे येतात. पण पायाचे नख जाड, पिवळे व ठिसूळ झाले, तर त्याला बुरशी लागलेली असू शकते. नखाचे टोक मांसात रुतले, तर बोट सुजते. नखाखाली नवी काळी रेघ दिसली, तर ती डॉक्टरांना दाखवावी.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी होऊ शकते. मग रुतलेले नख दुखत नाही. जखम लक्षात येत नाही व ती चिघळते. कधी कधी बोटही कापावे लागते.

म्हाताऱ्या माणसांची कंबर वाकत नाही, नजर कमी होते. त्यांना पायाची नखे कापता येत नाहीत आणि सांगायला संकोच वाटतो. अनेक घरांत जुम्म्याला नखे कापतात. त्या दिवशी त्यांचे पायही पाहावेत. अंघोळीनंतर नखे मऊ होतात, तेव्हा ती सरळ कापावीत. कोपरे कोरू नयेत. वजूनंतर बोटांमधील जागा पुसावी, कारण ओलाव्यात बुरशी वाढते. मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.