बैठकीच्या उंचीचा आवाज

नागपूरच्या लकडगंजात अठरा मिलिमीटर जाडीची एमडीएफची शीट बहुतेक वेळा कपाटासाठी किंवा टीव्ही युनिटसाठी विकली जाते. आठ फूट बाय चार फूट, वजन चाळीस किलोच्या आसपास. हीच शीट नीट आखून कापली तर तिच्यातून टॉवर स्पीकरचा अख्खा जोड निघतो. आतून २० सेंटिमीटर रुंद, २८ सेंटिमीटर खोल आणि १०० सेंटिमीटर उंच अशा दोन पेट्या. त्यांच्या चार बाजू, चार पुढचे-मागचे पाट आणि वरखालची चार झाकणं कापून झाल्यावर ज्या पट्ट्या उरतात, त्यांतून आतले आडवे टेके होतात. प्रत्येक पेटीत ५६ लिटर हवा मावते, आणि स्पीकर घरी बनवणाऱ्याचं निम्मं काम या हवेशी असतं.

वूफर आणि ट्विटर विकतच आणावे लागतात. कागदाचा शंकू, चुंबक, त्याच्या फटीत हलणारं तारेचं वेटोळं हे कारखान्याचं काम आहे. घरी बनतात त्या दोन गोष्टी: पेटी, आणि कोणता सूर कोणत्या युनिटकडे जाईल हे ठरवणारा क्रॉसओव्हर. एकच वूफर दोन वेगळ्या पेट्यांत बसवून ऐकला तर तो एकच आहे यावर विश्वास बसत नाही, इतका फरक या दोन गोष्टींनी पडतो.

पेटी मुळात लागते कशाला? जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या रचनेचा शोधनिबंध मांडला, तीच आजच्या बहुतेक स्पीकरची मूळ रचना आहे. त्यात शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात. त्या शंकूच्या कडेने वळून एकमेकींना मिटवून टाकतात. उघड्यावर ठेवलेला वूफर म्हणूनच चिरका वाजतो. मागची लाट कोंडायची तर बंद पेटी हवी. बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये वेगळ्या युक्तीचं पेटंट मिळालं: पेटीला एक तोंड ठेवायचं, म्हणजे ठरावीक सुराला त्यातली हवा घुमून मागच्या लाटेलाच कामाला लावते. हाच आजचा पोर्ट.

पण ते तोंड केवढं आणि पेटी केवढी, याचं उत्तर पुढची तीस वर्षं अंदाजानेच काढलं जात होतं. नळी बसवायची, ऐकायचं, कापायची, पुन्हा ऐकायचं. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी दाखवलं की पोर्टची पेटी हा एक विद्युत फिल्टरच समजता येतो आणि त्याचं गणित आधीच तयार आहे. तिथल्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात आलेल्या या निबंधाची जगाने दखल घेतली ती दहा वर्षांनी, १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने तो पुन्हा छापल्यावर. सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पूर्णत्वाला नेलं. घरच्या घरी स्पीकर रचणं शक्य झालं ते या दोघांमुळे, असं म्हणण्यात काहीच अतिशयोक्ती नाही. आज चांगल्या वूफरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात थील-स्मॉल आकडे छापलेले असतात, आणि आवाजाचं भाकीत त्या आकड्यांवरून लाकडाला करवत लागायच्या आधीच करता येतं.

साडेसहा इंची वूफरचं एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. त्याची नैसर्गिक कंपनसंख्या ४० हर्ट्झ, क्यूटीएस, म्हणजे शंकूचं कंपन किती लवकर शमतं याचा आकडा, ०.४०, आणि व्हीएएस, म्हणजे त्याच्या लवचीकपणाशी जुळणारी हवा, ३० लिटर. गणित सांगतं की त्याला सुमारे २८ लिटरची पेटी द्या, पोर्ट ४० हर्ट्झला जुळवा, मग आवाज ४० हर्ट्झपर्यंत सपाट येऊन तिथून उतरायला लागेल. असे दोन वूफर म्हणजे ५६ लिटर. वरच्या शीटमधून निघालेली पेटी नेमकी तेवढीच आहे, पण टेके, नळी आणि वूफरची पाठ आतली जागा खातात, म्हणून शहाणा माणूस खोली दोनेक सेंटिमीटर वाढवूनच आखतो. पोर्टसाठी प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी पाइप उत्तम. आतला व्यास साडेसात सेंटिमीटर असेल तर लांबी सव्वानऊ सेंटिमीटरच्या जवळपास येते. दहा सेंटिमीटर व्यास घेतला तर ती एकोणीस होते. जाड पाइप बसवायला अडचणीचा, पण जोरात वाजवताना त्यातून हवेची फुसफुस कमी येते. पाइप थोडा लांबच कापून बसवावा आणि मोजत मोजत छाटत जावं.

हे ४० हर्ट्झ कोणासाठी? काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज १३८ हर्ट्झच्या जरा वर असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे ६९ हर्ट्झला बोलते. डग्ग्याचा घुमारही शंभरच्या आसपास आणि त्याखाली घोळत असतो. टेबलावरच्या लहान स्पीकरमधून तंबोरा नुसता झणझणतो. त्याची खाली पसरलेली सावली ऐकायची तर एवढी पेटी लागतेच. तबल्याचं शास्त्र सांगणाऱ्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांचं नागपूरशी नातं आहे, हे इथे आठवायला हरकत नाही. सरकारी वित्त खात्याच्या नोकरीत १९१० च्या सुमारास ते या शहरात होते. पुढे १९२० मध्ये त्यांनी दाखवून दिलं की शाईमुळे तबल्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, आणि म्हणूनच हे चर्मवाद्य सुरात बोलतं. ते पटीतले स्वर वेगवेगळ्या युनिटांतून येऊनही एकाच थापेचे वाटावेत, ही टॉवरची खरी परीक्षा.

टॉवरची उंची हा विषय बाजारातल्या स्पीकरांनी जवळजवळ ठरवून टाकला आहे. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून नव्वद-पंचाण्णव सेंटिमीटरवर येतो, म्हणून ट्विटरही तिथेच. पण गाणं ऐकायला सतरंजीवर, गादीवर बसणारी घरं विदर्भात अजून पुष्कळ आहेत. मांडी घालून बसलं की कान पंचाहत्तर सेंटिमीटरच्या आसपास येतो. ट्विटर आणि वूफर ज्या सुराला एकमेकांत मिसळतात, तिथे उभ्या दिशेतला थोडासा फरकही आवाज बदलतो, आणि बैठकीतल्या श्रोत्याला कारखान्याचा टॉवर किंचित चुकीचाच ऐकू येतो. घरी बनवणारा माणूस पुढच्या पाटावरचं ट्विटरचं भोक पंधरा-वीस सेंटिमीटर खाली घेतो आणि प्रश्न मिटतो. खर्च वाचतो म्हणून स्पीकर घरी बनवावा, हे कारण फारसं टिकणारं नाही. वेळ धरला तर काही वाचत नाही. आपलं घर, आपली बैठक, आपलं संगीत धरून रचना करता येते, हे कारण मात्र पक्कं आहे.

उंच पेटीची स्वतःची दुखणी असतात. आत शंभर सेंटिमीटरची हवेची उभी नळी तयार होते आणि ती १७२ हर्ट्झच्या आसपास गुणगुणते, नेमकी पुरुषी आवाजाच्या पट्ट्यात. वूफर मध्याच्या जवळ बसवणं आणि गादीवाल्याकडे मिळणारा पॉलिएस्टर फायबर मधल्या भागात सैल भरणं, हे त्यावरचे उपाय. विदर्भात कापूस भरपूर, पण तो काही महिन्यांत दबून तळाशी गोळा होतो. इथे त्याचा मोह नको.

दुसरं दुखणं रुंदीचं. साडेतेवीस सेंटिमीटर रुंदीच्या पेटीतून पाचशे हर्ट्झच्या वरचा आवाज समोर जातो, त्याच्या खालचा चहूकडे पसरतो आणि समोरच्या श्रोत्याला सहा डेसिबलपर्यंत कमी मिळतो. दुसरा वूफर असतो तो याचसाठी. त्याच्या वाटेत २.६ मिलिहेन्रीच्या जवळपासची एक कॉइल टाकली की तो फक्त खालचे सूर वाजवतो आणि ही तूट भरून काढतो. जाणकार याला अडीच-वे म्हणतात. मला ही युक्ती टॉवरच्या सगळ्या रचनांत सर्वांत सुंदर वाटते.

कॉइलसाठी लांब जावं लागत नाही. कूलरच्या आणि शेतपंपाच्या मोटारी भरणारे वाइंडिंगवाले शहरात जागोजागी आहेत. इनॅमलची तांब्याची तार किलोवर मिळते आणि वेढे समान घालण्याची हातोटी त्यांच्याकडे असते. ट्विटर आणि वूफर जोडण्यासाठी बहुतेक जण सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांची १९७६ ची मांडणी वापरतात, कारण तिच्यात दोन्ही युनिटं एकाच ठेक्यात राहतात. युनिटांसाठी पूर्वी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागे.  याच राज्यात पुण्याच्या केडन्सने तर पातळ पडद्याचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवून परदेशात विकले.

लाकूड कोणतं, यावर नागपुरात वाद होणारच. सी. पी. टीक म्हणून नावाजलेलं आलापल्ली-बल्लारपूरकडचं सागवान इथल्याच बाजारातून देशभर जातं. २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनातलं सागवान नागपूरहून गेलं. तरीही पेटीसाठी अखंड सागवान घेऊ नये. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत, आणि महिन्याभरात पावसाची ओल. रुंद सागवानी फळी या फरकाने आडवी फुगते, आकसते, आणि सांधे उकलतात. एमडीएफ किंवा चांगलं प्लाय घ्यावं आणि सागाचं पातळ व्हेनिअर वरून चढवावं. एमडीएफचा शत्रू म्हणजे खोलीतला कूलर. त्याच्या दमट झोतात कापलेल्या कडा पाणी पिऊन फुगतात, म्हणून रंगाआधी त्या कडा प्रायमरने नीट बंद कराव्यात. वूफर रबरी कडेचे घ्यावेत. फोमची कड उष्णतेत आणि दमटपणात काही वर्षांत भुगा होते. उन्हाळा आवाजाचा वेगही वाढवतो: बारा अंशांच्या पहाटे सेकंदाला ३३९ मीटर, पंचेचाळीस अंशांच्या दुपारी ३५८. हिवाळ्यात ४० हर्ट्झला लावलेला पोर्ट उन्हाळ्यात ४२ च्या पुढे सरकतो. कानाला ते फारसं कळत नाही, पण मापनात दिसतं.

मापन ही या छंदातली सर्वांत मोठी क्रांती. एक मापनाचा मायक्रोफोन, लॅपटॉप, आणि रूम ईक्यू विझार्ड किंवा व्हिट्युइक्सकॅडसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर. अडचण एकच, जमिनीवरून परतणारा आवाज. स्पीकर आणि मायक्रोफोन एक मीटर अंतरावर, एक मीटर उंचीवर ठेवले तर तो प्रतिध्वनी थेट आवाजामागून ३.६ मिलिसेकंदांत येतो आणि २८० हर्ट्झच्या खालचं काही भरवशाचं राहत नाही. दोन्ही दोन मीटर उंच नेले की नऊ मिलिसेकंद मिळतात आणि ११० हर्ट्झपर्यंत खरं चित्र दिसतं. यासाठी कारखाने लाखो रुपये ओतून निःशब्द खोल्या बांधतात. नागपुरात घराघरावर मोकळी गच्ची आहे. दोन मजबूत घोडे, पहाटेची वेळ, शेजाऱ्यांचे कूलर जागे होण्याआधीचा अर्धा तास, आणि कठड्यापासून जमेल तितकं दूर. गच्चीवर मिळालेल्या या आलेखावरून क्रॉसओव्हर ठरवायचा आणि मग टॉवर खाली खोलीत आणायचे.

खोलीत मात्र आलेख पुन्हा बदलतो. सिमेंटच्या भिंती, गुळगुळीत टाइल्स, पडदे नाहीत, अशा खोलीत वरचे सूर जरा जास्तच चमकतात. ट्विटरच्या वाटेत एक ओहमचा रोधक घातला तर सहा ओहमच्या ट्विटरचा आवाज सव्वा डेसिबलच्या आसपास उतरतो. एवढ्यानेच डॉ. वसंतराव देशपांडे यांची तान धारदार राहूनही बोचत नाही. हा रोधक आत झाळून टाकू नये. मागच्या पाटावर दोन स्क्रूच्या टर्मिनलांमध्ये ठेवावा. खोलीत गाद्या, सतरंज्या, माणसं भरली की तो काढून तिथे तांब्याच्या तारेचा तुकडा लावता येतो.