पडवीचा नवा अवतार

पावसाळ्यात आमच्या गोमंतकातील एखाद्या जुन्या घरी पाहुणा आला, म्हणजे त्याची पहिली गाठ पडते ती पडवीशी. तेथेच तो निथळती छत्री टेकवितो, पाय धुतो आणि पुष्कळदा तेथेच बसून बोलणे उरकून परतही जातो. कोणी तिला ओसरी म्हणतात, कोणी सोपा. ख्रिस्ती बांधवांच्या घरांपुढे तीच बलकांव या नावाने, दोन्ही बाजूंस बाके घेऊन उभी असते. ही जागा घरात आहे की घराबाहेर, असे कोणी विचारल्यास आम्हांस नेमके उत्तर देता येणार नाही. आजच्या वास्तुशिल्पात या जागेचे काय झाले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम पडवीचे कार्य समजून घेतले पाहिजे. कोरड्या प्रदेशात जाड भिंतीचे घर दिवसा गारवा राखते. किनाऱ्यावर तसे होत नाही. येथे हवा दमट, रात्रही फारशी थंडावत नाही. अंगावरचा घाम वाळेल तरच जिवाला बरे वाटते, आणि तो वाळण्यास वारा हवा. म्हणून येथील खिडकी बारा महिने उघडी असावी लागते. परंतु त्यांपैकी चार महिने पाऊस तिरपा येतो. खिडकी लावावी तर घुसमट, उघडावी तर आत पाणी! पडवी हा पेच सोडविते. छप्पर भिंतीच्या पुढे बरेच येते, सरी बाहेरच राहतात आणि खिडकी उघडीच राहू शकते.

याचा पडताळा पाहण्यास आम्हांस दूर जावे लागत नाही. आमच्या शाळेच्या जुन्या कौलारू इमारतीला दोन्ही अंगांनी पडवी आहे. आषाढातही तेथील खिडक्या कोणी लावीत नाही. मागाहून बांधलेल्या इमारतीवर सपाट गच्ची आहे आणि खिडक्यांवर वीतभर छज्जा. पहिली सर येताच तेथे तावदाने लावण्याची धांदल उडते. ज्यांची बाके खिडकीलगत आहेत, त्यांच्या वह्यांच्या दशेचे वर्णन न केलेले बरे.

हा पेच नव्या साहित्याने, म्हणजे काँक्रीटने बांधतानाही सोडविता येईल काय? ज्यांनी या प्रश्नावर आयुष्यभर काम केले, त्यांत चार्ल्स कोरिया यांचे नाव अग्रभागी आहे. घराणे मूळचे गोव्याचे. जन्म १९३० साली सिकंदराबाद येथे. शिक्षण मुंबईत व पुढे अमेरिकेत. १९५८ साली त्यांनी मुंबईत व्यवसाय आरंभिला. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामांपैकी मुंबईची ‘कांचनजंगा’ ही इमारत आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. कंबाला हिलवर १९८३ साली पूर्ण झालेली ही वास्तू २८ मजली असून तिची उंची ८४ मीटर आहे. मुंबईत समुद्र पश्चिमेस. गार वारा तिकडूनच यावयाचा, सुंदर देखावाही तिकडेच; पण दुपारचे तापलेले ऊनही तिकडूनच, आणि पावसाचा माराही तिकडूनच! मावळतीकडे झुकलेल्या सूर्याचे किरण आडवे येतात, त्यांना साधा छज्जा अडवू शकत नाही. जुन्या बंगल्यांनी चारही बाजूंस व्हरांडा फिरवून हा प्रश्न सोडविला होता. पण गगनचुंबी इमारतीभोवती व्हरांडा फिरवावयाचा कसा? कोरियांनी इमारतीचे कोपरेच कोरून काढले आणि तेथे दोन मजले उंचीच्या मोकळ्या बागा वसविल्या. खोल्या या बागांच्या आड राहतात. ऊन-पाऊस बागेतच अडतो, आणि घर पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार असल्याने वारा खेळता राहतो. बाहेरून पाहणाऱ्यास त्या भिंतीत खोल खाचा दिसतात. त्या खाचा म्हणजे आपली पडवीच होय, इतकेच की ती आता आकाशात जाऊन बसली आहे.

ही घरे धनिकांची, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खरा आहे. परंतु नवी मुंबईत बेलापूर येथे याच वास्तुशिल्पज्ञाने अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीही वसाहत आखली. तेथे लहानशा घरालाही स्वतःचे अंगण दिले, आणि दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे ऐपतीप्रमाणे ज्याने त्याने आपले घर वाढवावे. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय तर त्याहून साधे: विटांचे खांब, कौलारू छपरे, आणि काचेच्या खिडक्यांऐवजी उघडझाप होणाऱ्या लाकडी झडपा. १९६३ साली ते पूर्ण झाले.

आम्हां गोमंतकीयांस मात्र कोरिया भेटतात ते पणजीच्या कला अकादमीत. या वास्तूच्या अलीकडच्या दुरुस्तीविषयी, आणि जुलै २०२३ मध्ये खुल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरील छत कोसळले त्याविषयी, वृत्तपत्रांतून पुष्कळ वाद झाला. त्यात आम्ही शिरत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते तिच्या प्रवेशाविषयी. एवढी मोठी वास्तू, पण ती उंच न जाता मांडवीच्या काठाने पसरली आहे. रस्त्यावरून आपण काँक्रीटच्या तुळयांच्या मांडवाखाली येतो, तेथून ऐसपैस सावलीत, आणि पुढे पाहावे तर नदी! आपण ‘आत’ केव्हा आलो, ते कळतच नाही. एका नाटकाच्या मध्यंतरात आम्ही तेथे उभे असताना जोराची सर आली. कोणी धावले नाही. मंडळी दोन पावले आत सरकली आणि बोलणे पुढे चालू राहिले.

तेथून परतल्यावर आमच्या चित्रकलेच्या वर्गाने नव्या इमारतीचा एक नकाशा काढला. तीत पश्चिमेच्या अंगाला आठ फुटांची पडवी जोडली आहे. नकाशा शाळेच्या चालकांकडे दिला असता, कल्पना उत्तम आहे पण खर्च वाढेल, असे उत्तर आले. तो नेमका किती वाढेल, याचे गणित सध्या नववीच्या वर्गात चालू आहे.